मुद्दलाला हात लावताना: निवृत्तीनंतर साठवलेला पैसा निर्धास्तपणे खर्च करण्याची पद्धत

वागळे इस्टेटमधले कारखाने, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कंपन्या, मुंबईतल्या बँका आणि शाळा यांत तीस-पस्तीस वर्षे नोकरी करून आज नौपाडा, पाचपाखाडी, वाशी किंवा नेरुळ येथे निवृत्त आयुष्य घालवणाऱ्या बहुतेक घरांत एक नियम कोणीही न लिहिता पाळला जातो: मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजावर भागवायचे. हा नियम मूर्खपणातून आलेला नाही. १९८२ चा गिरणी संप ज्यांनी शेजारच्या घरात पाहिला, पुढे कारखाने बंद पडताना आणि स्वेच्छानिवृत्तीचे कागद हातात येताना ज्यांनी अनुभवले, त्यांना साठवलेल्या पैशाने खरोखरच तारले आहे. अडचण अशी की नोकरीच्या काळात शहाणपणाची ठरलेली सवय निवृत्तीनंतरही तशीच चालू राहते. मग साठवण शाबूत राहते आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पुढल्या वर्षावर जाते.

ही भीती उपदेशाने जात नाही. ‘आता आयुष्य उपभोगा’ असे मुले कितीही वेळा म्हणाली तरी एफडीची मुदत संपल्यावर बँकेच्या काउंटरवर ‘काका, रिन्यू करायची ना?’ या प्रश्नाला तोंडातून ‘हो’च बाहेर पडते. भीती कमी होते ती दोन गोष्टींनी: आपल्याला नेमके किती खर्च करता येईल याचा कागदावर उतरलेला आकडा, आणि तो पैसा दरमहा आपोआप हातात येईल अशी व्यवस्था. पुढील पायऱ्या याच क्रमाने घ्याव्यात. पती-पत्नी दोघे असतील तर दोघांनी मिळून बसावे, कारण बऱ्याच घरांत एकाला सगळे आकडे ठाऊक असतात आणि दुसऱ्याच्या वाट्याला फक्त काळजी येते.

पहिली पायरी: वर्षाचा खरा खर्च

मागील बारा महिन्यांचे पासबुक किंवा बँकेचे विवरणपत्र समोर घ्यावे आणि खात्यातून बाहेर गेलेल्या एकूण रकमेतून नव्या ठेवींसाठी वळवलेली रक्कम वजा करावी. उरलेला आकडा हा आपला खर्च. किराणा, दूध, भाजी असे वेगवेगळे रकाने आखण्याची गरज नाही. तो उत्साह तिसऱ्या आठवड्यात मावळतो. मात्र वर्षातून एकदाच येणारे खर्च सुटू देऊ नयेत. मालमत्ता कर, मेडिक्लेमचा हप्ता, लग्नामुंजीचे आहेर, गणपतीत गावी जाणे, दर काही वर्षांनी करावी लागणारी रंगरंगोटी, हे सगळे बाराने भागून महिन्याच्या खर्चात मिळवावे.

ठाण्यातल्या वाचकांनी येथे एक बाब आवर्जून तपासावी. जुन्या तीन-चार मजली इमारतीचा पुनर्विकास होऊन टॉवर उभा राहिला की लिफ्ट, पंप, सुरक्षारक्षक, पार्किंग यांमुळे सोसायटीचा मेंटेनन्स कित्येक पटींनी वाढतो. अशा वेळी विकासकाकडून मिळणारा कॉर्पस, म्हणजे एकरकमी निधी, प्रामुख्याने याच वाढीव खर्चासाठी असतो, तरीही तो एफडीत टाकून मेंटेनन्स मात्र पेन्शनमधून ओढाताण करून भरणारी माणसे कमी नाहीत. इमारत पुनर्विकासाला जाणार असेल तर नव्या मेंटेनन्सचा अंदाज आत्ताच हिशेबात धरावा आणि कॉर्पसची रक्कम त्याच्या नावे बाजूला काढावी.

दुसरी पायरी: सगळी पुंजी एका कागदावर

गोदरेजच्या कपाटातली ती प्लास्टिकची पिशवी बाहेर काढावी. बहुतेकांच्या पिशवीत पाच-सहा बँकांच्या पंधरावीस पावत्या, पोस्टाची पुस्तके, कधीकाळी घेतलेल्या विमा पॉलिसी आणि पिवळा पडलेला एखादा शेअरचा कागद असतो. अशा पिशवीकडे पाहून आपण श्रीमंत आहोत की गरीब हे कोणालाही कळणार नाही, आणि न कळणारी रक्कम नेहमी कमीच भासते. प्रत्येक नोंदीपुढे पाचच गोष्टी लिहाव्यात: कोठे आहे, कोणाच्या नावावर आहे, रक्कम, मुदत कधी संपते आणि नामनिर्देशन कोणाचे आहे. राहते घर आणि अंगावरचे दागिने या बेरजेत धरू नयेत.

हे करतानाच प्रत्येक बँकेतील रक्कम पाहावी. बँक अडचणीत आली तर ठेवविमा महामंडळाकडून एका ठेवीदाराला एका बँकेतील सर्व शाखांत मिळून, व्याजासह, कमाल ५ लाख रुपयांचे संरक्षण मिळते. फेब्रुवारी २०२० पूर्वी ही मर्यादा १ लाख होती. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला फक्त १ हजार रुपये काढता येत होते, आणि तिच्या ठेवीदारांत मुंबई-ठाण्यातले अनेक ज्येष्ठ होते. त्या आठवणीमुळे वाटणारी भीती रास्त आहे. तिचे उत्तर मात्र खर्च टाळण्यात नसून अर्ध्या-पाऊण टक्क्याच्या लोभाने एकाच छोट्या बँकेत मोठी रक्कम न ठेवण्यात आहे.

तिसरी पायरी: खर्चाची परवानगी देणारा आकडा

ही पायरी सर्वांत महत्त्वाची असल्याने सविस्तर पाहू. नेरुळला स्वतःच्या घरात राहणारे एक जोडपे कल्पावे. पती ६८ वर्षांचे, पत्नी ६५ वर्षांच्या. फंड, ग्रॅच्युइटी आणि आयुष्यभराची बचत मिळून दीड कोटी रुपये आहेत, भविष्य निर्वाह निधीची पेन्शन महिना ३ हजार आहे आणि घरखर्च ३१ हजार आहे.

या दीड कोटींतून आधी ३० लाख वेगळे काढायचे: २० लाख आजारपण आणि शुश्रूषेसाठी, १० लाख अडीअडचणीसाठी. उरले १ कोटी २० लाख. आता दोघांपैकी लहान असलेल्या व्यक्तीचे वय ९० होईपर्यंत किती वर्षे आहेत ते पाहायचे. पत्नीचे वय ६५, म्हणजे २५ वर्षे. १ कोटी २० लाखांना २५ ने भागले की वर्षाला ४ लाख ८० हजार, म्हणजे महिन्याला ४० हजार रुपये मिळतात. पेन्शन धरून ४३ हजार. आजचा खर्च ३१ हजार. याचा अर्थ हे जोडपे दरमहा १२ हजार, म्हणजे रोज ४०० रुपये, विनाकारण हात आखडून जगत आहे.

‘पण महागाईचे काय?’ हा प्रश्न लगेच येईल आणि तो यायलाच हवा. वरच्या भागाकारात व्याजाचा एक रुपयाही मोजलेला नाही. गुंतवणुकीवर जे मिळेल ते सगळे महागाई खाऊन टाकेल असे आपण गृहीत धरले आहे. दरवर्षी उरलेल्या रकमेला उरलेल्या वर्षांनी पुन्हा भागायचे, की महागाईची भर आपोआप पडते. पहिल्या वर्षी ४ लाख ८० हजार खर्च झाले आणि उरलेल्या रकमेवर सुमारे ७ टक्के मिळाले, तर वर्षअखेर साधारण १ कोटी २३ लाख असतील. त्याला २४ ने भागले की महिन्याला जवळपास ४२ हजार ८०० येतात, म्हणजे सुमारे ७ टक्क्यांची वाढ. एखाद्या वाईट वर्षी फक्त २ टक्केच मिळाले तरी आकडा ४० हजार ८०० च्या आसपास राहतो. वाईट वर्षाचा फटका हप्ता थोडा कमी वाढण्यात दिसतो. पैसे अचानक संपत नाहीत.

नव्वदीच्या पुढेही माणसे जगतात. म्हणून भाजक कधीही १० च्या खाली नेऊ नये. पत्नीच्या वयाच्या ८० व्या वर्षानंतर दरवर्षी १० नेच भागत राहावे. मग हाती येणारी रक्कम उतरत्या वयात कमी होऊ शकते, पण शून्य कधीच होत नाही.

इंटरनेटवर वाचणाऱ्यांना ‘चार टक्क्यांचा नियम’ भेटलेला असेल. १९९४ मध्ये विल्यम बेंगेन या अमेरिकी सल्लागाराने तेथील शेअर आणि रोख्यांच्या जुन्या आकडेवारीवरून तो मांडला: पहिल्या वर्षी पुंजीच्या ४ टक्के काढावेत, पुढे महागाईप्रमाणे वाढवावेत, तर रक्कम ३० वर्षे पुरते. आपल्या उदाहरणातले ४ लाख ८० हजार हेही १ कोटी २० लाखांचे नेमके ४ टक्के आहेत, हा निव्वळ योगायोग समजावा. तो नियम तिकडच्या बाजारावर आणि तिकडच्या महागाईवर उभा आहे. इथल्या ज्येष्ठाने तो डोळे मिटून लावण्याऐवजी दरवर्षी स्वतःला दुरुस्त करणारा वरचा भागाकार वापरावा, असे माझे मत आहे.

आता दुसरी बाजू. मुद्दलाला हात न लावल्याने मुद्दल सुरक्षित राहते, ही समजूत तपासून पाहावी. महागाई ६ टक्के धरली तर किमती साधारण १२ वर्षांत दुप्पट होतात. आज ३१ हजारांत चालणारे घर तेव्हा ६२ हजार मागेल, आणि एफडीत जपलेले ५० लाख आकड्याने ५० लाखच असले तरी आजच्या २५ लाखांचीच खरेदी करतील. ज्या पैशाला आपण हात लावला नाही त्यातला अर्धा कोणाच्याही उपयोगी न पडता गेलेला असेल.

भागाकार करून आलेला आकडा आजच्या खर्चापेक्षा कमी निघाला, तर मात्र भीतीचे ऐकावे. तेथे मन घट्ट करण्याचा सल्ला घातक ठरेल. अशा घरांनी मोठे घर विकून त्याच भागात लहान घेणे, एक खोली भाड्याने देणे किंवा पुढे सांगितलेल्या घरतारण योजनेचा विचार करणे हे पर्याय पाहावेत, आणि ते सत्तरीच्या आत पाहावेत. घर बदलण्याची दगदग नंतर झेपत नाही.

चौथी पायरी: पैशाला तीन ठिकाणी बसवणे

मोठ्या रकमेतून थोडे काढताना हात थरथरतो, कारण तीच रक्कम आजारपणाची, तीच नातवाच्या शिक्षणाची आणि तीच रोजच्या भाजीची असते. प्रत्येक रुपयाचे काम ठरवून दिले की हा गोंधळ थांबतो.

पहिल्या ठिकाणी दोन वर्षांचा खर्च, म्हणजे आपल्या जोडप्यासाठी सुमारे १० लाख, बचत खाते आणि छोट्या मुदतीच्या ठेवींत असावा.

दुसऱ्या ठिकाणी नियमित व्याज देणारी सुरक्षित गुंतवणूक असावी, आणि तेथे ज्येष्ठ नागरिक बचत योजनेला पहिला मान द्यावा. एप्रिल २०२३ पासून प्रत्येक व्यक्तीची मर्यादा ३० लाख झाली आणि व्याजदर ८.२ टक्के झाला. सरकार दर तिमाहीला दराचा फेरविचार करते, परंतु खाते उघडताना असलेला दर पाच वर्षे कायम राहतो. ३० लाखांवर दर तिमाहीला ६१,५०० रुपये मिळतात. पती-पत्नी दोघेही साठीच्या पुढे असतील तर दोघांची स्वतंत्र खाती उघडता येतात, म्हणजे ६० लाखांवर तिमाहीला १ लाख २३ हजार, महिन्याला ४१ हजार. उदाहरणातल्या जोडप्याचा परवानगीचा आकडा ४० हजारच होता! सुरुवातीची वर्षे त्यांना प्रत्यक्षात मुद्दल मोडावेही लागणार नाही, आणि भित्र्या मनाला पहिली पावले टाकायला याचा मोठा आधार होतो. मुदतपूर्व पैसे काढायचे झाल्यास दुसरे वर्ष पूर्ण होण्याआधी मुद्दलातून दीड टक्का आणि त्यानंतर एक टक्का कापला जातो. पहिल्या वर्षाच्या आत खाते बंद केले तर व्याजच मिळत नाही. अडचणीला पैसा पूर्ण अडकून पडत नाही, एवढे यावरून लक्षात ठेवावे. उरलेले २० लाख बँकांच्या ठेवींत किंवा पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत विभागावेत. या योजनेत एकट्याला ९ लाख आणि संयुक्त खात्यात १५ लाख ठेवता येतात.

तिसऱ्या ठिकाणचा पैसा दहा वर्षांनंतरचा आहे. उदाहरणात तो ३० लाख, म्हणजे एक चतुर्थांश. तो इंडेक्स फंड (शेअर बाजाराच्या निर्देशांकाप्रमाणे पैसे गुंतवणारा म्युच्युअल फंड) किंवा शेअर-रोखे मिश्र फंडांत असावा, कारण निव्वळ एफडीने पंचवीस वर्षांच्या महागाईशी झुंजता येत नाही. या पैशाला एकच नियम: बाजार पडलेल्या वर्षी त्यातून काहीही काढायचे नाही, तेवढ्यासाठीच पहिल्या ठिकाणी दोन वर्षांचा खर्च ठेवलेला आहे. शेअर बाजाराचे नाव काढताच ज्यांची झोप उडते त्यांनी हा हिस्सा १० टक्क्यांवर आणावा. झोपेची किंमत दोन-चार टक्क्यांच्या परताव्यापेक्षा जास्त आहे.

कराची धास्तीही अनेकांना पैसे हलवू देत नाही. आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून नव्या कररचनेत, शेअर-फंडांवरील नफ्यासारखे विशेष दराचे उत्पन्न सोडून, १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर प्रत्यक्ष कर भरावा लागत नाही. पतीने पत्नीला दिलेल्या रकमेवरचे व्याज कायद्याने पतीच्या उत्पन्नात धरले जाते, हे लक्षात घेऊनही आपल्या जोडप्याचे सगळे व्याज या मर्यादेच्या आत राहते. एप्रिल २०२५ पासून ज्येष्ठांच्या बँक व्याजावरील करकपातीची मर्यादा वर्षाला १ लाख झाली आहे. त्यापुढेही कपात होऊ नये म्हणून, कर शून्य निघत असल्यास, वर्षाच्या सुरुवातीलाच बँकेत स्वयंघोषणापत्र द्यावे. आपण आजवर त्याला १५एच म्हणत आलो आहोत.

पाचवी पायरी: स्वतःला पगार देणे

पस्तीस वर्षे एक तारखेला पगार जमा होत असे आणि तो खर्च करताना कोणाचाही जीव कासावीस झाला नाही. तीच रचना पुन्हा उभी करावी. दोन बचत खाती ठेवावीत. पहिल्यात पेन्शन, व्याज आणि मुदत संपलेल्या ठेवी जमा होतील; त्याला एटीएम कार्ड किंवा यूपीआय जोडू नये. दुसरे घरखर्चाचे. दर महिन्याच्या १ तारखेला पहिल्या खात्यातून दुसऱ्यात ठरलेली रक्कम, येथे ४३ हजार, आपोआप जाईल अशी स्थायी सूचना बँकेला द्यावी. बँकेत एक फॉर्म भरून किंवा मोबाइल बँकिंगवर हे होते.

या व्यवस्थेचा दुसरा फायदा सुरक्षिततेचा. ‘डिजिटल अरेस्ट’सारख्या, म्हणजे पोलीस असल्याचे भासवून फोनवर धमकावत पैसे उकळण्याच्या, फसवणुकींचे लक्ष्य मुख्यतः ज्येष्ठच असतात. यूपीआय फक्त घरखर्चाच्या खात्याला जोडलेले असेल तर यूपीआयवरून झालेच तर नुकसान त्या खात्यातल्या शिलकीपुरते राहते, आणि रिक्षावाल्याला, भाजीवाल्याला मोबाइलवरून पैसे देण्याची भीतीही ओसरते. फसवणूक झाल्याचे कळताच १९३० या क्रमांकावर तत्काळ फोन करावा.

महिनाअखेर घरखर्चाच्या खात्यात काही उरलेच तर ते परत पहिल्या खात्यात ढकलू नये आणि त्याची एफडी तर मुळीच करू नये. तेथेच साठू द्यावे. चार-सहा महिन्यांत ती शिल्लक डोळ्यांत भरू लागते आणि ‘याचे काय करायचे’ हा प्रश्न घरात प्रथमच आनंदाने विचारला जातो.

सहावी पायरी: खर्चाचा सराव

वाढीव १२ हजार पहिल्याच महिन्यात खर्च करायला जाऊ नये. तसे केल्यास पाहुण्याच्या घरी राहिल्यासारखे वाटते आणि माणूस दोन महिन्यांत जुन्या सवयीकडे परततो. पहिल्या तिमाहीत ३ हजार, दुसरीत ६ हजार असे वाढवत वर्षभरात पूर्ण आकड्यापर्यंत पोहोचावे.

कोठून सुरुवात करावी? चालढकल केलेल्या गोष्टींची यादी करावी. एका वहीच्या पानावर दोघांनी स्वतंत्रपणे, एकमेकांचे न पाहता, लिहावे. अशा यादीत सहसा काय निघते ते पाहा: न्हाणीघरात धरायला दांडा आणि घसरू नये अशा फरश्या, आणखी एका खोलीत एसी, दातांची कवळी, श्रवणयंत्र, पोळ्यांना बाई, चांगल्या चपला, रात्री परतताना स्टेशनवरून बसच्या रांगेऐवजी रिक्षा. सिंगापूरची सहल क्वचितच असते. शरीराचा त्रास कमी करणारे खर्च आधी करावेत, कारण त्यांचा उपयोग रोज दिसतो आणि पैसे वाया गेल्याची रुखरुख लागत नाही. न्हाणीघरातला दांडा काही हजारांत बसतो, मोडलेल्या खुब्याचे बिल लाखांत येते. हा हिशेब अत्यंत काटकसरी माणसालाही पटतो.

श्रवणयंत्राबद्दल थोडे अधिक सांगायला हवे, कारण ही भीतीने पुढे ढकलली जाणारी सर्वांत सामान्य खरेदी आहे. ‘मला ऐकू येते, तीच हळू बोलते’ हे वाक्य ज्या घरात बोलले जाते तेथे टीव्हीचा आवाज वाढतो, समारंभांना जाणे कमी होते आणि फोनवरची संभाषणे दोन वाक्यांत आटोपतात. यंत्रांच्या किमतींत मोठी तफावत असते. आधी कानाची तपासणी करून घ्यावी, यंत्र काही दिवस वापरून पाहण्याची मुभा मागावी आणि मधल्या किमतीचे घ्यावे. सर्वांत स्वस्त घेतले तर ते बहुधा ड्रॉवरमध्ये पडून राहते आणि पैसे वाया गेल्याची खूण म्हणून पुढच्या प्रत्येक खर्चाच्या आड येते.

आनंदाचे खर्च त्यानंतर. गडकरी रंगायतन किंवा वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहातील महिन्याला एक नाटक, पुढच्या रांगेचे तिकीट काढून. गावी जायचे तर रेल्वेची ज्येष्ठ सवलत मार्च २०२० पासून बंद असली तरी एसटीत ६५ ते ७५ वयाला अर्धे तिकीट आहे आणि पंचाहत्तरीनंतर प्रवास मोफत आहे. सवलत अवश्य घ्यावी, पण गुडघे दुखत असताना केवळ ती मिळते म्हणून आठ तास साध्या एसटीत बसू नये.

एक मोठी रक्कम हातून सुटणे कठीणच वाटत असेल तर ती तीन वेळा विभागून पाहावी. ६० हजारांचा एसी दहा वर्षे चालला तर वर्षाला ६ हजार, महिन्याला ५००, आणि दोघांत वाटले तर माणशी २५०.

आजारपण: रास्त भीती

मोठ्या आजाराची भीती हिशेबाने पूर्ण जात नाही, पण तिला कुंपण घालता येते. ७० वर्षांवरील प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतचे संरक्षण मिळते. आधारच्या आधारे आयुष्मान वय वंदना कार्ड काढून ठेवावे आणि आपल्या जवळचे कोणते रुग्णालय यादीत आहे हे आजारी पडण्याआधी पाहावे. खासगी आरोग्यविमा चालू असेल तर तो सोडू नये. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावर जीएसटी राहिलेला नाही, आणि विमा नियामकाच्या जानेवारी २०२५ च्या आदेशानुसार ज्येष्ठांचा हप्ता वर्षात १० टक्क्यांहून अधिक वाढवायचा असल्यास कंपनीला आधी नियामकाशी सल्लामसलत करावी लागते.

विमा रुग्णालयाचे बिल भरतो. घरी परतल्यानंतरची शुश्रूषा भरत नाही. शुश्रूषेसाठी माणसे पुरवणाऱ्या ब्युरोकडून बारा तासांची बाई किंवा मावशी ठेवली तर महिन्याला वीस-पंचवीस हजार सहज लागतात. बाजूला ठेवलेले २० लाख मुख्यतः यासाठी आहेत. ते वेगळ्या बँकेत, वेगळ्या ठेवीत असावेत, म्हणजे नाटकाचे तिकीट काढताना ‘उद्या आजारी पडलो तर’ या प्रश्नाला पावतीच उत्तर देईल.

घर आणि मुले

मुलांसाठी ठेवायचे आहे, हे कारण पुष्कळदा खरे असते आणि पुष्कळदा भीतीवरचे पांघरूण असते. दोन्हींचा निकाल एका कृतीने लागतो: किती ठेवायचे ते लिहून टाकावे. ‘राहते घर मुलांचे, बाकी आमचे’ एवढे ठरले तरी पुरते. मृत्युपत्र करावे, त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. नामनिर्देशित व्यक्ती ही पैसे स्वीकारणारी असते, आपोआप मालक होत नाही, हे लक्षात घेऊन मृत्युपत्र आणि नामनिर्देशन यांत मेळ ठेवावा. मुलाला गरजेच्या वेळी, त्याच्या चाळिशीत, ५ लाख देणे हे त्याच्या साठीत १५ लाख ठेवून जाण्यापेक्षा अधिक उपयोगाचे असते, असे मला वाटते. मात्र ती रक्कम भागाकाराच्या आधी वजा केलेली असावी.

घर हयातीत मुलांच्या नावे करून देण्याची घाई करू नये. करायचेच असेल तर आपला सांभाळ करण्याची अट बक्षीसपत्रात स्पष्ट लिहावी. २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह आणि कल्याण कायद्याच्या कलम २३ नुसार अशी अट मोडली गेल्यास हस्तांतरण रद्द करून घेता येते.

घर विकायचे नाही आणि उत्पन्न पुरत नाही, अशांसाठी बँकांची रिव्हर्स मॉर्टगेज ही घरतारणाची सोय आहे. साठीनंतर स्वतःचे घर तारण ठेवून बँकेकडून ठरावीक रक्कम मिळते, दोघांपैकी एक जण हयात असेपर्यंत घरात राहता येते आणि नंतर वारस कर्ज फेडून घर सोडवू शकतात. ठाणे-नवी मुंबईतल्या घरांच्या किमती पाहता ही शेवटची फळी भक्कम आहे. ती वापरावी लागणार नाही असेच नियोजन करावे, पण ती आहे हे ठाऊक असावे.

वर्षातून एकदाच तपासणी

बँकेचे ॲप रोज उघडून शिल्लक पाहणे बंद करावे. गुढीपाडव्याच्या आसपास, आर्थिक वर्ष संपताना, एकदा बसावे: सर्व रकमा नव्याने लिहाव्यात, आजारपण आणि अडीअडचणीची राखीव रक्कम वजा करावी, उरलेल्या वर्षांनी भागावे, नवा आकडा काढून बँकेतली स्थायी सूचना बदलावी, पहिल्या ठिकाणची तूट भरून काढावी. दुसरा दिवस नोव्हेंबरातला, पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याबरोबर, फक्त नामनिर्देशन आणि कागद कोठे आहेत हे दोघांनाही माहीत आहे ना, एवढे पाहण्यापुरता.

सल्लागार घ्यायचा असेल तर सेबीकडे नोंदलेला, आपल्याकडून ठरीव शुल्क घेणारा घ्यावा. वस्तू विकून दलाली मिळवणारा माणूस आपल्या भीतीचा उपयोग पुढची पॉलिसी विकण्यासाठी करील.

हिशेब जुळूनही भीती राहिली तर

काही घरांत आकडे स्वच्छ असतात, पगार दरमहा जमा होतो, तरीही माणूस औषधाच्या गोळ्या अर्ध्या करून घेतो, फळे नाकारतो, ‘आपण आता रस्त्यावर येणार’ असे पुन्हा पुन्हा म्हणतो, रात्री उठून पावत्या मोजतो. उतारवयातल्या नैराश्यात आपण कंगाल झालो आहोत असा पक्का भ्रम होऊ शकतो, हे वैद्यकशास्त्राला जुने माहीत आहे. अशा माणसाला पासबुक दाखवून समजावण्यात अर्थ नसतो. त्याला कंजूष म्हणून चिडवणे तर क्रूरपणा आहे. जोडीदाराच्या निधनानंतर किंवा मोठ्या शस्त्रक्रियेनंतर हे अचानक सुरू झाले असेल तर विशेष लक्ष द्यावे. आधी नेहमीच्या डॉक्टरांकडून थायरॉइड, बी-१२ आणि चालू औषधे तपासून घ्यावीत, मग मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. ‘ठाण्याला पाठवायला हवे’ ही थट्टा आयुष्यभर ऐकलेल्या पिढीला तेथे जाणे जड जाते. म्हणून ‘झोपेच्या तक्रारीसाठी जाऊ’ असे सांगून सुरुवात केली तरी चालते, आणि ते खोटेही नसते. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून विनामूल्य बोलता येते, तर ज्येष्ठांसाठीच्या एल्डरलाइनचा क्रमांक १४५६७ आहे. उपचार चालू असेपर्यंत त्या व्यक्तीच्या हातून मोठे आर्थिक निर्णय, विशेषतः ठेवी मोडणे किंवा घर कोणाच्या नावे करणे, होऊ देऊ नयेत. एक तारखेचा पगार मात्र ठरल्याप्रमाणे जमा होत राहावा.